पाणवठा खुला झाला, पण तोटी कोणाच्या हाती?

७ जून २०२३ हा दिवस कोल्हापूरकर अद्याप विसरलेले नाहीत. काही तरुणांनी औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्याविषयी मोबाईलवर स्टेटस ठेवले, अशी तक्रार झाली. हिंदुत्ववादी संघटनांनी शहर बंदची हाक दिली. छत्रपती शिवाजी चौकात हजारोंचा जमाव जमला. दगडफेक झाली, दुकाने आणि गाड्या फुटल्या, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराची नळकांडी फोडली. ज्या राजर्षी शाहू महाराजांचे नाव घेतल्याशिवाय या शहरातील एकाही सभेचा नारळ फुटत नाही, त्यांच्या नगरीत हे घडले. आणि त्यानंतर जिल्ह्यातील इंटरनेट बंद करण्यात आले.

त्या दुपारी आम्ही आमच्या वस्तीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात उभे होतो. दुकान म्हणजे पत्र्याचे खोके, एक संगणक, एक प्रिंटर. संगणक चालतो तो दुकानदाराच्या मोबाईलच्या इंटरनेटवर. दहावी-बारावीचे निकाल नुकतेच लागलेले, त्यामुळे अर्ज भरणाऱ्या पोरांची गर्दी असायची. त्या दिवशी बंदमुळे तीन-चार जणच होते. त्यात आमच्या शेजारची, धुणीभांडी करणाऱ्या माऊलीची मुलगी होती. एका अभ्यासक्रमाच्या प्रवेशाचा अर्ज भरण्याची तिची शेवटची तारीख तीच. नाव भरून झाले, जातीचा दाखला चढवून झाला, फोटो चढवताना पडद्यावरचे चक्र फिरत राहिले ते थांबेचना. दुकानदाराने मोबाईल उंच धरला, दाराबाहेर नेला, बंद करून पुन्हा सुरू केला. मग कोणीतरी रस्त्यावरून ओरडले, "नेट काढलंय रे सगळ्यांचं!" पोरगी आमच्याकडे बघत म्हणाली, "काका, आता?"

या 'काका, आता?' ला आमच्याकडे उत्तर नव्हते. पन्नास वर्षे चळवळीत घालवलेल्या माणसाला एका पोरीच्या अर्जाचे उत्तर देता येऊ नये, याचीच आम्हाला जास्त लाज वाटली.

तिचा स्टेटसशी काय संबंध? तिने दगड मारला नाही, तिच्या आईने मारला नाही. ज्यांनी मारले ते पोलिसांच्या नोंदीत गेले. पण शिक्षा मात्र करवीरपासून चंदगडपर्यंत सगळ्या जिल्ह्याला वाटून देण्यात आली. गावात एकाच्या हातून काही घडले की अख्ख्या वस्तीचे पाणी तोडायचे, ही रीत आमच्या समाजाने पिढ्यान् पिढ्या भोगली आहे. तिला बहिष्कार म्हणतात. सरकारी भाषेत तिला 'दूरसंचार सेवांचे तात्पुरते निलंबन' म्हणत असतील.

कोणी म्हणेल, साहेब, तुम्ही अतिशयोक्ती करता. दोन दिवस मोबाईल चालला नाही म्हणून काय आभाळ कोसळले? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात सहसा केबलचे वायफाय असते, बँकेत शिल्लक असते आणि मुलाचा अर्ज आठ दिवस आधीच भरून झालेला असतो. ज्याचे सगळेच शेवटच्या दिवशी ठरते, कारण फीचे पैसे शेवटच्या दिवशी जमतात, त्याचे मात्र दोन दिवसांत वर्ष जाते. त्या दिवशी चहाच्या गाड्यावरही हाल झाले. गाड्यावर स्कॅनरचा कागद चिकटवलेला, गिऱ्हाईकांच्या खिशात सुटे नाहीत. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार म्हणून लोक फिरकेनात, आणि खुद्द शाहू महाराज आपला लवाजमा घेऊन तिथे चहा प्यायला थांबत. आज स्कॅनर जात विचारत नाही, असे आमची पोरे अभिमानाने सांगतात. खरे आहे. फक्त पैसे पाठवण्याआधी पडद्यावर पूर्ण नाव येते, आडनावासकट. पुढचे ज्याने त्याने वाचायचे असते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. त्या वेळी इंटरनेट बंद करण्याचा अधिकार १८८५ च्या तार कायद्याखाली २०१७ साली केलेल्या नियमांतून येत होता. राज्यात हा आदेश गृह सचिवांनी काढायचा आणि पाच दिवसांत समितीने तो तपासायचा. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इंटरनेटवरून बोलण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या कलम १९ खाली येते. बंदी बेमुदत असता कामा नये, ती गरजेपुरतीच असावी, आणि प्रत्येक आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे नागरिकाला त्याविरुद्ध कोर्टात जाता येईल. हा खटला काश्मीरचा होता. तिथे ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट तोडले होते आणि मोबाईलची फोर-जी सेवा पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालच्या २०२४ च्या नियमांतही आदेश कारणासह प्रसिद्ध करा, पंधरा दिवसांपेक्षा जास्त बंदी नको, असे लिहिले गेले. कागदावर सारे काही आहे. पण आमच्या वस्तीतल्या शंभर माणसांना विचारा, त्या दिवशी नेट कोणी काढले, कोणत्या कलमाने काढले, किती तासांसाठी काढले? शंभरजण एकच सांगतील, "वरनं काढलं." 'अ‍ॅक्सेस नाऊ' ही जगभरच्या अशा बंदीची मोजदाद ठेवणारी संस्था आहे. तिच्या नोंदीप्रमाणे २०२३ या एका वर्षात भारतात ११६ वेळा इंटरनेट तोडले गेले. त्या वर्षी जगात कोणत्याच देशात एवढे तोडले गेले नाही. लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या देशाचा हा पहिला नंबर.

कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, ही गोष्ट आम्हाला नवी नाही. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे खुले झाले, पण ओंजळभर पाणी कोणाला पिता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. पण खरी ध्यानात ठेवण्याची गोष्ट त्यानंतरची आहे. ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! एका ठरावाने खुले, दुसऱ्या ठरावाने बंद. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचा तर कोर्टाचा मनाई हुकूम आणलेला. त्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाबासाहेबांनी हा तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे लढवला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला, हे आमच्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांना माहीत आहे? पाणी पिण्याचा क्षण एक दिवसाचा होता. ते पाणी पुन्हा कोणी तोडू नये यासाठी दहा वर्षे कागद लढवावे लागले.

इंटरनेट आमच्यासाठी चवदार तळेच आहे, असे आम्ही म्हणतो ते उगाच नव्हे. आमच्या समाजाजवळ बोलायला जागा कधीच नव्हती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याच्या पाठीशी शाहू महाराजांची अडीच हजार रुपयांची मदत होती. त्याची जाहिरात, तीही पैसे देऊन, छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला परिषद झाली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांकडे समाजाचे पुढारीपण सोपवले. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. प्रत्येक वेळी छपाईचे देणे, वर्गणीचे तगादे, बंद पडणे आणि पुन्हा उभे राहणे. त्यामुळे ज्या यंत्रातून फुकटात हजारो लोकांशी बोलता येते, त्याचे मोल 'केसरी'च्या वारसांपेक्षा आम्हाला अधिक कळते.

आम्ही पहिल्यांदा कोल्हापुरात सायबर कॅफेत गेलो ते २००० च्या आसपास. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले होते, पण ते राजारामपुरीपर्यंत यायला आणि तासाला वीस-तीस रुपये मोजण्याची आमची छाती व्हायला पाच वर्षे लागली. लाकडी खोपटी, मध्ये पडदे, कॉलेजची पोरे. आम्ही धोतरातल्या वडिलांना बरोबर नेले होते. ते बाहेर चपला काढून आत आले, त्याची आठवण आजही येते. पहिली अडचण आली ती मराठीची. एखाद्या मराठी दैनिकाचे पान उघडावे तर अक्षरांऐवजी चौकोन आणि किडे-मुंग्या. प्रत्येक दैनिकाचा फॉन्ट वेगळा, तो आधी उतरवून घ्यायचा, कॅफेवाला म्हणायचा, "आमच्या मशीनवर काही टाकायचं न्हाई." म्हणून आम्ही इंग्रजी लिपीत मराठी लिहून जयभीम धाडायचो. युनिकोड आले आणि देवनागरी सगळीकडे सारखी दिसू लागली, तेव्हा कुठे आमची माणसे आपल्या भाषेत लिहिती झाली. यावर कोणी फारसे बोलत नाही. इंटरनेटचे स्वातंत्र्य म्हटले की सगळे सरकारकडे बोट दाखवतात. पण ज्याची लिपीच यंत्राला कळत नाही, त्याला सरकारने बंद करण्याचीही गरज नसते.

याच काळात २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले. मोठ्या वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना त्याचे गांभीर्य कळायला किती आठवडे लागले, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको. ईमेलमधून, एसएमएसमधून, झेरॉक्समधून ती बातमी गावोगाव गेली. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आमच्या बांधवांना बांधून मारले. मारणाऱ्यांनीच त्याचे चित्रण करून ते पसरवले. हेतू दहशत बसवण्याचा होता. पण ते चित्रण जेव्हा आमच्या पोरांच्या हाती पडले तेव्हा त्याचाच पुरावा झाला, देश हलला, मेलेली जनावरे सरकारी कचेरीपुढे टाकली गेली. यंत्र तेच, बघणारा बदलला की अर्थ बदलतो. आणि त्याच यंत्राने जीवही घेतला आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आमच्या एका तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, एवढ्यावरून त्याला मारून टाकण्यात आले. रिंगटोन! आपल्या खिशातल्या फोनने काय वाजवावे हेही गावच्या दादांना विचारून ठरवायचे असेल, तर ही 'डिजिटल संस्कृती' कोणाची?

पण एका बाजूचेच बोलणे हा लबाडपणा ठरेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारले. ते पाचही जण भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोट घेऊन हिंडणारे आमचे भटके बांधव. ही अफवा मोबाईलवरून फिरली होती. जून २०१४ मध्ये हडपसरला फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून जमाव उठला आणि ज्याचा त्या चित्रांशी काडीचा संबंध नव्हता असा मूळचा सोलापूरचा मुस्लिम तरुण नमाजावरून परतताना मारला गेला. मग बंद केलेलेच बरे नाही काय? हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला. आमचे उत्तर असे की राईनपाड्यात अफवा आधी पोहोचली होती, खुलासा पोहोचला नव्हता. बंदी नेहमी उशिरा येते. अफवा घरोघर जाऊन बसल्यावर तार तोडली तर फक्त खुलाशाची वाट बंद होते. ७ जूनच्या संध्याकाळी आमच्याच वस्तीत तीन वेगवेगळ्या भागांत 'माणूस गेला' अशा तीन वावड्या आम्ही कानाने ऐकल्या, आणि त्या खोट्या आहेत हे पडताळायला एकाही बातमीचे पान उघडत नव्हते. आमच्या पलीकडच्या गल्लीत मुस्लिम कुटुंबे राहतात. त्यांनी ती रात्र दिवे मालवून काढली. त्यांना नातेवाइकांना एक फोटो, एक निरोप धाडायचा होता, 'आम्ही ठीक आहोत' एवढाच. ज्यांना भीती असते त्यांनाच माहितीची सर्वांत जास्त गरज असते.

आता आपल्या चळवळीला न आवडणारी गोष्ट. बाबासाहेबांविषयी कोणी नीच मजकूर टाकला की आपणही मोर्चा काढतो आणि पहिली मागणी करतो, पोस्ट टाकणाऱ्याला अटक करा. राग आम्हालाही येतो, आम्हीही त्या मोर्चात असतो. पण नोव्हेंबर २०१२ आठवा. मुंबई बंद पडल्याबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याचे बटण दाबले, आणि दोघींना अटक झाली. ज्या कलमांखाली ती झाली त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ होते. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. 'भावना दुखावल्या' एवढ्यावर आत टाकणारा कायदा मागताना आपण विसरतो की या देशात भावना दुखावण्याचा परवाना आणि दुखावून घेण्याचा अधिकार दोन्ही कोणाकडे आहेत. महात्मा फुल्यांचे एक पान वाचले तरी कोणाच्या ना कोणाच्या भावना दुखावतात. जातीवरून शिवी देणे, धमकावणे, बहिष्कार घालणे याला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, तो मोबाईलवरही धारदारपणे वापरावा. पण तेवढ्यापलीकडे जाऊन मताला अटक मागू नये. आज आपण मागितलेली अटक उद्या आपल्याच गाण्याला होईल.

हे काल्पनिक भय नव्हे. भीमा कोरेगाव प्रकरणात ज्यांना तुरुंगात टाकले त्यांत बाबासाहेबांच्या नातजावयांना, डॉ. आनंद तेलतुंबडे यांना, १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन जयंतीला शरण जावे लागले. त्याच खटल्यातील रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून घुसून कागदपत्रे पेरण्यात आली होती, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. कोर्ट काय म्हणायचे ते म्हणेल. आम्ही मात्र त्या दिवसापासून आमच्या जुन्या संगणकाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. पूर्वी पोलीस कार्यकर्त्याच्या घरातून पुस्तके न्यायचे. ती निदान आपण विकत घेतलेली असायची.

सरकारची तोटी दिसते तरी. कंपन्यांची दिसत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचा तेव्हाचा मुख्य अधिकारी जॅक डॉर्सी दिल्लीत आला असता त्याच्या हाती ब्राह्मणी पितृसत्ता उखडून टाका असे सांगणारे एक पोस्टर देण्यात आले. त्याने ते धरून फोटो काढला. केवढा गहजब झाला! कंपनीने हात झटकले, तिच्या अधिकाऱ्याने माफी मागितली. रोज आमच्या मुलींना त्याच जागेवर जातीवरून शिव्या पडतात, त्याबद्दल कंपनीने कधी एवढ्या घाईने माफी मागितल्याचे आमच्या स्मरणात नाही. आमचा स्वतःचा अनुभव लहान आहे. वस्तीतल्या जयंतीच्या जलशाचे चित्रण आम्ही यूट्यूबवर टाकले होते. चौथ्या दिवशी त्याचा आवाज गेला. गाणे आमच्या शाहिराने स्वतः गायलेले, पण चाल आणि शब्द एका कंपनीच्या कॅसेटमध्ये आहेत म्हणून यंत्राने आपोआप पकडले. ज्या शाहिरांनी पोटाला चिमटा घेऊन ही गाणी रचली त्यांना कंपन्यांनी काय दिले, हा हिशेब यंत्र करत नाही.

आमच्याच जिल्ह्यात याआधी एक प्रयोग झाला होता, तोही सांगितला पाहिजे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा मोठा सरकारी प्रकल्प निघाला. 'वायर्ड व्हिलेज' म्हणून देशभर त्याचा गाजावाजा झाला. गावोगाव संगणकाची खोली आली. उसाची नोंद, वजन, बिल याची माहिती तिथे मिळू लागली. हे कामाचे होते यात शंका नाही. पण पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहिले की संगणकाचा उपयोग मुख्यतः या उसाच्या हिशेबापुरताच होतो आहे, आणि तेवढे काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवरही भागते. तसे त्यांनी काही गावांत करूनही दाखवले. आम्ही याचा अर्थ आमच्या परीने लावतो. ज्याच्या नावावर ऊस नाही, त्याने त्या खोलीत जाऊन विचारायचे काय? ऊस तोडणाऱ्याचा हिशेब त्या यंत्रात नव्हता, तो मुकादमाच्या वहीतच राहिला. तार गावापर्यंत आली, गावकुसाबाहेर आली नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ती तार प्रत्येकाच्या खिशात आली, हे मान्य. पण आता उलटे झाले आहे. शिष्यवृत्ती, दाखला, रेशन, प्रवेश, सगळे त्याच तारेवर टांगले आहे, कचेरीची खिडकी बंद आहे. खिडकीवरचा कारकून उद्धट असे, पण त्याच्याशी भांडता येई. फिरणाऱ्या चक्राशी कसे भांडायचे?

आपल्या हातात काय आहे? थोडे आहे, पण आहे, आणि तेही आपण वाया घालवतो. आमच्या गटावर सकाळी उठल्यापासून जयभीमची फुले, पहाट, मेणबत्त्या यांचा पूर लोटतो. त्यात बाबासाहेबांच्या नावावर कोणाचीही वाक्ये खपतात. गेल्या वर्षी आम्हीही असेच एक भारदस्त वाक्य पुढे ढकलले. आमच्या पुतण्याने परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून बाबासाहेबांच्या लेखनाचे इंग्रजी खंड उतरवून ठेवलेले आहेत. त्याने दोन दिवस शोधले आणि रात्री येऊन म्हणाला, "तात्या, हे वाक्य कुठंच न्हाई." आम्ही ओशाळलो. ज्या महापुरुषाने तळटीपांशिवाय विधान केले नाही, त्याच्या तोंडी आम्ही बाजारू सुविचार घातला. राज्य सरकारने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली हे खंड काढले, पुढे छपाई एवढी रखडली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पण १ जानेवारी २०१७ पासून बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपला आहे, ते कोणीही छापावे, टाईप करावे, वाचून ध्वनिमुद्रित करावे. परवानगी लागत नाही. हे तळे आज पूर्ण खुले आहे आणि काठावर उभे राहून आपण एकमेकांना फुलांची चित्रे पाठवतो आहोत.

आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही काही मित्र मिळून एक छोटे पाक्षिक काढत होतो, त्याच्या अंकांच्या फ्लॉपी त्यात आहेत. फ्लॉपी वाचणारे यंत्र शोधायलाच महिना गेला. सापडले, तर निम्म्या फ्लॉपी बुरशीने गेलेल्या, आणि उरलेल्यांतली अक्षरे जुन्या फॉन्टमधली, आजच्या संगणकावर निव्वळ गाळ. माणगाव परिषदेत लहान वयात हजर असलेल्या एका आजोबांशी केलेली बातचीत त्यात होती. आजोबा केव्हाच गेले. सुदैवाने एका वर्गणीदाराने छापील अंक गोणपाटात बांधून ठेवले होते, तेव्हा आता पुतण्या आणि त्याचे दोन मित्र रविवारी एकेक पान मोबाईलने टिपून युनिकोडमध्ये टाईप करतात. कोणत्याही कंपनीच्या भरवशावर नाही; तीन वेगवेगळ्या घरांत तीन प्रती. आतापर्यंत अकरा अंक झाले आहेत.

त्या मुलीचे काय झाले, ते राहिलेच. ७ जूनच्या संध्याकाळी तिचा मामा मोटारसायकल घेऊन आला. नेट कोल्हापूर जिल्ह्याचे काढले होते, कर्नाटकाचे नव्हते. कागल ओलांडून कोगनोळीच्या टोलनाक्यापुढे गेले की रेंज येते, असे कोणीतरी सांगितले. सगळी कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती मामाच्या मागे बसली. हमरस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या रांगेशेजारी, मामाच्या मोबाईलवर तिने अर्ज पुरा केला. आधीचे भरलेले सगळे पुसले गेले होते, पुन्हा पहिल्यापासून भरावे लागले. ती सांगत होती, तिथे तिच्यासारखी आणखी सात-आठ पोरे मोबाईल घेऊन उभी होती, आणि एकाच्या मोबाईलची बॅटरी संपली तेव्हा टोलनाक्याजवळच्या चहावाल्याने आपल्या गाड्यावरची वायर दिली.